आतडं आधार कार्ड मागत नाही: स्टँडसमोरच्या मेडिकलवाल्यांना खुलं पत्र

एसटी स्टँडसमोरच्या सातही मेडिकलवाल्या दादांना, आणि कोपऱ्यावरच्या ताईंना,

नमस्कार. तुम्ही सगळे मला ओळखता. सकाळी सव्वासातच्या गाडीतून उतरून, तुमची शटरं अजून अर्धीच वर असतात तेव्हा पिशवी सांभाळत जातो ना, तो लॅबवाला. एकेकाच्या दुकानात येऊन बोलायचं ठरवलं होतं, दोनदा आलोही, पण काऊंटरवर गिऱ्हाईक आलं की बोलणं तिथंच राहतं, आणि खरं सांगू का, तुमच्यापैकी तिघांकडे माझी उधारी आहे, उधारी ठेवून कुणाला शहाणपण शिकवायचं म्हणजे अवघडच. म्हणून इथे लिहितोय.

विषय एकच, जुलाबाची गोळी. माणूस येतो, पोटावर हात ठेवतो, "लूज मोशन" म्हणतो, आणि तुमचा हात न बघता त्या ड्रॉवरकडे जातो. एका गोळीत दोन अँटिबायोटिक, सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस. गिऱ्हाईकच मागतं हे मला मान्य आहे, मी स्वतः ऐकलंय, "जरा स्ट्राँग द्या भाऊ, उद्या वऱ्हाडात जायचंय". पण देताना तुम्ही वर एक वाक्य टाकता, "पोटातले जंतू मरून जातील", आणि मला त्या वाक्यावर बोलायचंय. कुठले जंतू मरतील?

माझं काम बावीस वर्षं तेच आहे, पोटातले जंतू वाढवून बघणं. तुम्हाला वाटेल किळसवाणं, सवय होते. डबी उघडायची, तारेची लूप ज्योतीवर लाल करायची, गार होऊ द्यायची, नमुन्यात टेकवायची आणि मॅकाँकी नावाच्या, जंतू वाढवायच्या माध्यमाच्या प्लेटवर रेघा ओढायच्या. ३७ डिग्रीला रात्रभर ठेवलं की सकाळी प्लेटवर गुलाबी ठिपके आलेले असतात, कोकमाच्या सरबताचे थेंब वाळल्यासारखे. त्या माध्यमात दुधातली साखर असते, ती जो खातो तो गुलाबी होतो, आणि त्यातला बहुतेक ई. कोलाय असतो. आता गंमत बघा, माझ्या स्वतःच्या, काहीही न होणाऱ्या पोटाचा नमुना लावला तरी हेच गुलाबी ठिपके. पेशंटला रिपोर्टवर "ई. कोलाय ग्रोन" दिसलं की तो हादरतो, मग मला फोन, "साहेब सीरियस आहे का?" अहो, तो तुमच्याकडे बारशापासून आहे.

आणि याच ई. कोलायच्या घराण्यात टोकाची माणसं आहेत. पहिल्या महायुद्धात जर्मनीतल्या आल्फ्रेड निसल नावाच्या डॉक्टरला एक सैनिक सापडला, बरोबरचे सगळे जुलाबाने आडवे आणि हा ठणठणीत. त्याच्या शौचातून निसलने १९१७ साली एक ई. कोलाय वेगळा काढला, तो आजही तिकडे कॅप्सूलमध्ये भरून औषध म्हणून विकतात. दुसरीकडे १९८२ साली अमेरिकेत हॅम्बर्गर खाऊन लोकांना रक्ताचे जुलाब झाले, तिथे सापडला तोही ई. कोलायच, ओ१५७. हा किडन्या बंद पाडू शकतो, आणि यात अँटिबायोटिक दिलं तर विष आणखी सुटून धोका वाढण्याची भीती असते. माझ्या रोजच्या प्लेटवर हे दोघेही गुलाबीच. ओ१५७ वेगळा काढायचा तर माध्यमातली साखरच बदलावी लागते. म्हणजे बावीस वर्षं डोळे फोडून मला जे नुसतं बघून ओळखू येत नाही, ते तुमची गोळी पोटात जाऊन ओळखेल?

गोळीला ओळखू येतच नाही. तिला फक्त एवढं कळतं की हा जंतू माझ्याने मरतो की नाही.

पण आतड्याला ओळखता येतं, आणि ते कसं हे कळल्यापासून मी गोळीच्या बाबतीत जास्तच चिडका झालोय.

आधी जागेचा हिशोब. आपल्या पचनमार्गाच्या आतल्या पृष्ठभागाचं माप जुन्या पुस्तकात टेनिस कोर्टएवढं द्यायचे, नीट मोजल्यावर ते साधारण ३० ते ३२ चौरस मीटर निघालं, म्हणजे साडेतीनशे स्क्वेअर फूट, मुंबईत कुणाचा तरी अख्खा संसार मावतो एवढं. या सगळ्याला भिंत म्हणून पेशींचा एकच थर, एकावर दुसरा असा नाहीच, आणि तोही चार-पाच दिवसांनी नवा होतो. भिंतीच्या एका बाजूला रक्त, दुसऱ्या बाजूला जंतू. किती? अंगातले सगळे मिळून ३८ लाख कोटी असा २०१६ सालचा अंदाज आहे, बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात, वजन भरलं तर पाव किलोच्या आत. शेजार असा आणि भिंत अशी, आणि तरी आपण रोज मिसळ खाऊन कामावर जातो.

आपल्याला शाळेत सांगितलं होतं की पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक, परका दिसला की मारतात. आतड्यात हा नियम लावला तर माणूस पहिल्या वाढदिवसापर्यंत पोचणार नाही, कारण तिथे सगळेच परके आहेत. पेशींना जंतू कळतो तो त्याच्या अंगावरच्या खुणांवरून, बाहेरची चरबी-साखरेची साल, पोहायची शेपटी, असल्या गोष्टी. माशीतल्या टोल नावाच्या जीनवरून १९९६ साली या ओळखयंत्रणेचा धागा लागला, दोन वर्षांनी उंदरात तसाच सापडला, आणि २०११ चं नोबेल त्या लोकांना मिळालं. आपल्यात अशा रिसेप्टरची, म्हणजे खुणा ओळखणाऱ्या प्रथिनांची, मोठी जंत्रीच आहे. अडचण अशी की साल आणि शेपटी गुणी जंतूलाही असते आणि गुंडालाही. ओळखपत्र सगळ्यांचं सारखंच, त्यामुळे आधार कार्ड बघून काही होत नाही. तर आतडं बघतं काय? तू कुठे सापडलास आणि काय करत होतास. बास. पोलीस पाटील रात्री दोन वाजता हेच विचारतो.

कुठे, हे आधी सांगतो. भिंतीवर आतड्याचा शेंबूड असतो, सभ्य भाषेत म्युकस. मोठ्या आतड्यात त्याचे दोन पदर, बाहेरचा सैल, त्यात जंतू सुखाने राहतात आणि तोच खातातही, आणि आतला घट्ट, भिंतीला धरून, त्यात जवळपास कुणीच नसतं. हे २००८ साली स्वीडनच्या लोकांनी उंदरांत दाखवलं, आणि ज्या उंदरांत हा म्युकस बनवणारा जीनच काढून टाकला त्यांच्या आतड्याला सूज आली. लहान आतड्यात पदर एकच आणि विरळ, तिथे भिंतीतल्या पेशी जंतू मारणारी प्रथिनं आपली आपणच सोडत राहतात, आणि उंदरात मोजलं तर भिंत आणि जंतू यांच्यात ५० मायक्रॉनचा मोकळा पट्टा राहतो. पातळ केसाएवढं अंतर! सगळा सलोखा त्या अंतरावर चाललाय. त्यातलं एक प्रथिन काढून घेतलं की जंतू भिंतीला येऊन चिकटतात, आणि मग आरडाओरडा.

त्याहून मला आवडलेली गोष्ट म्हणजे शेपटीचा सेन्सर. मोठ्या आतड्याच्या पेशींवर शेपटी ओळखणारा रिसेप्टर असतो, पण तो जंतूंच्या बाजूला नसतो, पेशीच्या खालच्या अंगाला असतो, रक्ताच्या बाजूला. वर लाखोंनी शेपट्या वळवळत असल्या तरी त्याला पत्ता नाही. खाली एक जरी शेपटी लागली तरी बोंब. जंतू तोच, शेपटी तीच, अंगणात आहे की माजघरात एवढाच फरक. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लॅबच्या खुर्चीत बसून हसलो होतो, कारण आमच्या वाड्यातला कुत्रा असाच आहे, बाहेरच्या पायरीवर कुणीही बसा, उंबरा ओलांडला की भुंकलाच.

दुसरं, काय करत होतास. साल्मोनेला आणि शिगेला या गुंड जंतूंकडे इंजेक्शनच्या सुईसारखं यंत्र असतं, ते पेशीत टोचून आपली प्रथिनं आत ढकलतात आणि पेशीकडून दार उघडून घेतात. पण टोचताना सुईचे तुकडे पेशीच्या पोटात जातात, आणि पेशीच्या पोटात जंतूचं काहीही सापडणं याला चांगला अर्थच नाही. तिथे बसलेला सेन्सर सुई ओळखतो, आणि ती पेशी काय करते माहितीये? स्वतःला भिंतीतून बाहेर ढकलून देते, जंतूसकट. शेजारच्या पेशी लगेच सरकून भोक बुजवतात. रक्ताच्या जुलाबाचा नमुना मायक्रोस्कोपखाली धरला की पांढऱ्या पेशींची गर्दी दिसते आणि मधूनच अशा सुटून आलेल्या पेशी. ती स्लाईड बघताना मी जरा थांबतोच.

मग शांत असणाऱ्यांचं काय, त्यांची कुणी चौकशीच करत नाही का? करतं, आणि रोज करतं. लहान आतड्याच्या शेवटाकडे पेयरचे पॅच म्हणून चकत्या असतात, योहान पेयर नावाच्या स्विस डॉक्टरने १६७७ मध्ये लिहून ठेवलेल्या. त्यांच्यावरच्या एम पेशी मुद्दाम आतड्यातला माल थोडाथोडा उचलून आत देतात. आत डेंड्रिटिक पेशी तो घेऊन जवळच्या लिम्फ गाठीपर्यंत जातात, आणि तिथून पुढे नाही, हे महत्त्वाचं. आतड्याची गोष्ट आतड्याच्या गाठीत मिटवायची, अख्ख्या अंगात ताप काढायचा नाही. तिथे ठरतं की याच्यावर आयजीए बनवा. आयजीए हे आतड्यासारख्या ओल्या अस्तरांचं अँटिबॉडी, दिवसाला काही ग्रॅम आतड्यात ओतलं जातं, अंगातल्या अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी सगळ्यात जास्त इथेच बसलेल्या आहेत. आणि हे आयजीए मारत नाही हो, जंतूला लपेटतं, म्युकसमध्ये अडकवून ठेवतं, भिंतीपासून लांब. गुणी जंतूंवरही चढवलेलं असतं, गोठ्यातल्या गाईलाही दावं असतंच ना.

बाळाला हे आयजीए पहिल्या दिवसात आईच्या चिकातून मिळतं. आईच्या आतड्यात शिकलेल्या पेशी छातीत जाऊन बसतात, म्हणजे त्या घरातल्या, त्या पाण्यातल्या जंतूंची यादी दुधातून बाळाला जाते. आणि आमच्याकडे अजून काही घरांत चीक पिळून टाकतात, पिवळा असतो म्हणून. असो, तो वेगळा विषय, पण ताई, तुमच्याकडे पावडरचा डबा घ्यायला तिसऱ्या दिवशीच बाप येतो तेव्हा त्याला एवढं सांगाच.

आयजीएच्या जोडीला टी-रेग पेशी, म्हणजे "जाऊ दे, सोड" म्हणणाऱ्या. २०२५ चं मेडिसिनचं नोबेल याच पेशींच्या शोधाला मिळालं, साकागुची, ब्रंकोव्ह आणि रॅम्सडेल यांना. ज्या मुलांत त्यांचा मुख्य जीन बिघडलेला असतो त्यांना जन्मल्यापासून काही आठवड्यांतच न थांबणारे जुलाब, अंगावर एक्झिमा, लहानपणीच डायबिटीस. जंतू वाईट नसतात त्यांचे, थांबवणारं कुणी नसतं. आणि या पेशी वाढवायला मदत कोण करतं, तर आतड्यातलेच जंतू, आपण न पचवलेला कोंडा-भाजी आंबवून जे ब्युटिरेट नावाचं आम्ल करतात त्याने. म्हणजे ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं तेच पहारेकऱ्याला जेवू घालतात. हे नातं काही एका दिवसात जमलेलं नाही.

यंत्रणा चुकत नाही असं नाही. मुदतीच्या तापाचा जंतू अंगावर एक वेष्टण ओढून घेतो, त्याने ती साल झाकली जाते, आणि आत शिरतो कुठून तर तपासणीच्याच दारातून, पेयरच्या पॅचमधून. जुलाब फारसे नाहीत, बोंबाबोंब नाही, आणि आठवड्याभराने ताप चढायला लागतो. जुनी माणसं म्हणायची तिसऱ्या आठवड्यात आतडं फुटतं, ते याच चकत्यांच्या जागी. उलटी चूकही होते, क्रोन्सच्या आजारात आतडं आपल्याच शेजाऱ्यांवर सतत उठतं, आणि काही लोकांत त्यामागे जंतूच्या भिंतीचा तुकडा ओळखणाऱ्या एका जीनचा बिघाड आहे हे २००१ मध्ये कळलं.

आता गोळीकडे या.

१९५० च्या दशकात अमेरिकेत एक प्रयोग झाला. उंदरांना साल्मोनेलाने आजारी पाडायचं तर तोंडाने लाखभर जंतू द्यावे लागायचे. त्याच जातीच्या उंदरांना आधी स्ट्रेप्टोमायसिनचा एक डोस दिला, तर दहापेक्षा कमी जंतू पुरले. लाखावरून दहाच्या आत! औषधाने शेजारी हाकलले, जागा रिकामी झाली, खाणं उरलं, आणि येणाऱ्याला कुणी अडवायला राहिलं नाही. मी हे कधी कॅन्टीनमध्ये सांगितलं की सगळे म्हणतात उंदरांचं झालं ते. म्हणून माणसाचं सांगतो, माझ्या आईचं.

दोन वर्षांपूर्वी तिला लघवीचं इन्फेक्शन झालं, अँटिबायोटिक रीतसर डॉक्टरांनी दिलेलं, गरजेचं होतं, त्यावर माझं काही म्हणणं नाही. ते संपल्यावर चार दिवसांनी जुलाब सुरू झाले. मी काय केलं असेल? मी, बावीस वर्षं प्लेटा बघणारा, संध्याकाळी तुमच्यापैकी एका दुकानात आलो आणि तीच ड्रॉवरमधली गोळी घेऊन गेलो. कंटाळलो होतो, दुसऱ्या दिवशी ड्युटी होती. सहाव्या दिवशी आई उठून बसेना. नमुना मीच भरला, आमच्याकडे ती टेस्ट होत नाही म्हणून पुण्याला पाठवला, आणि रिपोर्ट आला क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचा. हा जंतू बी धरून पडून राहतो, शेजारी असेपर्यंत त्याला कुणी डोकं वर काढू देत नाही, शेजारी गेले की उगवतो आणि विष सोडतो. बरी झाली ती, पण त्यासाठी आणखी एक अँटिबायोटिक लागलं आणि नऊ दिवस ॲडमिट. हे ज्यांना पुन्हापुन्हा होतं त्यांच्यासाठी नेदरलँड्समध्ये निरोगी माणसाच्या शौचाचं द्रावण नळीने पोटात सोडून बघितलं, २०१३ साली छापून आलं, १६ पैकी १५ जण बरे झाले. मी आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मेले तरी चालेल, पण ते नको."

त्या दुकानाचं नाव मी कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, कारण गोळी मी मागितली होती.

तर मागणं एवढंच. मी अँटिबायोटिकच्या विरोधात नाही. रक्त पडतंय, ताप आहे, मुदतीचा ताप निघालाय, कॉलरासारखं पांढरं पाणी धोधो जातंय, तिथे डॉक्टर तपासून, गरज असेल तर देतील, आणि गरज असेल तिथे द्यायलाच हवं. पण साधे पाण्यासारखे जुलाब, त्यातही लहान पोरांचे, बऱ्याचदा व्हायरसचे असतात, तिथे ही गोळी व्हायरसला काही करत नाही, शेजारी मात्र उठवते. गोळ्यांच्या पानावर जी लाल उभी रेघ असते ती चिठ्ठीशिवाय देऊ नका म्हणून असते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

त्याऐवजी दोन प्रश्न विचारा, रक्त पडतंय का, ताप आहे का. हो म्हणाले तर दवाखान्यात पाठवा. नाही म्हणाले तर ओआरएसची पुडी, आणि लहान मूल असेल तर झिंक, सहा महिन्यांच्या वर २० मिलिग्रॅम, १४ दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण. गोड ज्यूसचे खोके नकोत, पुडीच द्या. तिला स्वस्तातली म्हणून हिणवू नका, १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रममध्ये मीठ-साखरेचं पाणी कालवून लोकांना पाजलं आणि कॉलराने मरणाऱ्यांचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ३ टक्क्यांच्या जवळ आलं. आणि पुडी देताना सांगा की मोठी असेल तर पूर्ण एक लिटरमध्ये, छोटीसाठी तिच्यावर लिहिलंय तेवढं पाणी. आमच्या शेजारणीने अख्खी मोठी पुडी एका फुलपात्रात कालवून नातवाला पाजली होती, चव येत नाही म्हणून.

पुड्या सध्या तुम्ही वरच्या फळीवर मागे ठेवता, सर्दीच्या मलमांच्या पाठीमागे, मागितलं की स्टूल घ्यावं लागतं. त्या खाली काऊंटरवर आणा, आणि ड्रॉवर स्टुलाच्या उंचीवर न्या, निम्मं काम तिथेच होईल. मी शनिवारी साडेसातला ड्युटी संपवून येतोय, सगळ्यांची उधारी चुकती करतो आणि घरासाठी चार पुड्या घेतो. सुट्टे नसले तर चॉकलेट देऊ नका, पाचवी पुडी द्या.

तुमचाच,
लॅबवाला